अमीनाच्या पुढे कोण

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

अमीना आज पण आली नाही. 'अंगात कसकस आहे, तू जाय.' आवाज तर ठणठणीत होता!

एकटीच गेली. राजूर घाटाच्या अलीकडे डांबरी सोडायची, पठाराची कड धरायची, मग गुरांच्या वाटेनं खाली, थेट नदीपर्यंत. ही वाट आमची आहे. म्हणजे गुरांचीच आहे, पण सायकलीवर उतरणाऱ्या पहिल्या आम्ही दोघी. चार वर्षं होत आली. अमीना माझ्या लॅबमध्ये रक्त द्यायले आली होती, शुगर काठावर. मी म्हटलं, मॅडम, रोज चाला. ती म्हणे, एकटीले कंटाळा येते, तू चाल सोबत. चालता चालता सायकली आल्या — आधी साध्या, मग गिअरच्या, जाड टायरच्या. लोक म्हणत, चाळिशीत बायांचं डोकं फिरलं. फिरलंच होतं!

खाली नदीजवळ ओल्या मातीत टायरचे ठसे दिसले. ताजे. दोन सायकली. एक नवा टायर, नक्षी कोरून काढल्यासारखी. दुसऱ्या सायकलचा मागचा टायर मधोमध घासून गुळगुळीत झालेला. तो मी कुठंही ओळखीन. चार वर्षं त्याच्याच मागे तर चालवून राह्यली मी.

कसकस म्हणे!

सोमवार, ७ ऑक्टोबर

फोन आला तिचा. इकडचं तिकडचं बोलली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

फिजा लॅबमध्ये आली होती — अमीनाची पोरगी, बारावीले आहे. हिमोग्लोबिन करायचं होतं. सुई टोचता टोचता सहज विचारल्यासारखं केलं, अम्मीची तब्येत कशी आहे?

'मस्त आहे मावशी. शनिवारी तर करिष्मा मॅडमसोबत नदीवर गेल्या होत्या.'

बरं झालं, सुई आधीच आत गेली होती.

करिष्मा म्हणजे अमीनाच्या शाळेत यंदा आलेली पीटीची मॅडम. पिंपळगाव राजाची. पंचविशीतली पोट्टी. अमीनानं दोन-तीनदा नाव घेतलं होतं, मी लक्ष दिलं नाही. शाळेत शंभर लोक असतात. त्यातल्या एकीले ही आमची वाट दाखवते, आणि मले सांगते अंगात कसकस आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

अशोक विजयादशमी. सकाळी विहारात गेली, पांढरी साडी. घरी आल्यावर खीर केली. अमीना दरवर्षी येते खिरीले. आजही आली — करिष्माले घेऊन!

उंच आहे पोट्टी. केस मुलासारखे कापलेले. आल्या आल्या पाया पडली, तेही मले आवडलं नाही. दोन वाट्या खीर खाल्ली. तिसरी पण खाल्ली असती, मी विचारलं नाही.

'ताई, वाट काय भारी शोधली तुम्ही दोघींनी! अमीनाताईनं दाखवली मले.'

अमीनाताई! शाळेत मॅडम म्हणत असंल ना? इथं ताई झाली.

अमीना खाली पाहून खीर खात होती. चमचा ठेवताना वाटीच्या बाहेर ठेवला, खीर सांडली चादरीवर. 'सॉरी,' म्हणे. मी पुसलं. करिष्मानं पटकन वाटी तिच्या हाताजवळ सरकवली — जशी काही हिचीच जुनी मैत्रीण!

जाताना अमीना म्हणे, 'उद्या तिघी जाऊ. नऊ वाजता.'

'नऊले ऊन होते. आपण सहाले निघतो ना?'

'सहाले नको आता.'

'काऊन?'

'नको म्हटलं ना बे.'

मग मी पण नको म्हटलं.

रविवार, १३ ऑक्टोबर

गेली नाही. घरी दिवसभर कपडे धुतले. स्वच्छ होते तेही धुतले.

रविवार, २० ऑक्टोबर

मी आज जे केलं ते कोणाले सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहून राह्यली.

नवऱ्याले, प्रसेनजितले, म्हटलं, सीताफळं आणते डोंगरातून. आठच्या सुमारास गेली, सायकल झुडपात आडवी केली आणि अंजनाच्या झाडामागे बसली. नवरा चोरून पाहावा तसं!

नऊनंतर दोघी आल्या. पुढे करिष्मा, पिवळाजर्द टीशर्ट, डोळ्याले टोचंल असा. मागे अमीना. अमीना मागे! जी माझ्यासोबत एक दिवस मागे राह्यली नाही. चिखल असो, गोटे असो — 'तू मागून ये, मी पाहते.' आणि या पोट्टीच्या मागे शेळीसारखी चाललेली. करिष्मा सारखी बडबड करत होती. 'उजवीकडे घ्या. आता गोटा. आता उतार आहे. शाब्बास!'

शाब्बास!! अमीना सायन्सची टीचर आहे, वीस वर्षं झाली नोकरीले. तिले शाब्बास म्हणते ही.

आणि अमीना हसत होती. ते हसणं मी खूप दिवसांत ऐकलं नव्हतं.

सीताफळं आणली नाहीत. प्रसेनजितनं रिकामी पिशवी पाहिली आणि म्हणे, 'काय, तुही सवत भेटली का रस्त्यात?' त्याच्याशी बोलली नाही दिवसभर.

बुधवार, ३० ऑक्टोबर

लॅबमधल्या पोरींनी मोबाईलवर दाखवलं — करिष्मानं व्हिडिओ टाकला. आमची वाट, आमची नदी, वरून गाणं. खाली लिहिलं, बुलडाण्याचा छुपा खजिना. अमीना मागून दिसते एका ठिकाणी. लोकांनी विचारलं, लोकेशन सांगा. तिनं लिहिलं, 'सांगणार नाही, ही वाट दोन ताईंची आहे.'

मोठी आली चांगलं वागणारी.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

शेजारच्यांकडून फराळ आला. दरवर्षी अर्धा अमीनाकडे जाते, फिजाले चकली आवडते. यंदा डबा भरला, पुन्हा काढून ठेवला. प्रसेनजित म्हणे, 'पोरीनं काय केलं तुहं?' पोरीनं काही केलं नाही. डबा त्याच्याच हातानं पाठवला.

रविवार, १० नोव्हेंबर

ठरवलं. सहाले नाही तर नऊले. पण त्यांच्यासोबत नाही. मी पण जाईन, माझी वाट आहे. आणि मी काय चालवते ते पाहू दे त्या पोट्टीले. आज एकटीनं तीनदा उतरली, ब्रेक न लावता जिथं जमलं तिथं. शेवटच्या वेळी अंजनापासून नदीपर्यंत पाय टेकवला नाही. पोटऱ्या थरथरून राह्यल्या, पण मन गार झालं.

रविवार, १७ नोव्हेंबर

सरळ लिहिते.

त्या दोघी पुढे होत्या, मी मागून गेली. अंजनाच्या पुढे वाट चिंचोळी होते — उजवीकडे झुडपं, डावीकडे माणसाएवढा खड्डा, तळाशी गोटे. कोणी तिथं कोणाले ओलांडत नाही. मी ओलांडायचं ठरवलं. घंटी वाजवली नाही. ओरडली नाही. सुसाट डावीकडून काढली सायकल, अमीनाच्या कोपराले माझं हँडल घासलंच असंल. वाटलं होतं, ती वळून पाहीन, 'अगं मयुरी!' म्हणीन.

तिनं पाहिलंच नाही. मी अगदी बाजूले होती, आणि तिनं पाहिलं नाही! हवा लागल्यावर एकदम दचकली, हँडल उजवीकडे ओढलं आणि झुडपात गेली, सायकल अंगावर. तेच डावीकडे ओढलं असतं तर — ते लिहिणार नाही.

करिष्मा सायकल टाकून धावत आली. आधी अमीनाले उठवलं, मग माझ्यावर ओरडली. पाया पडणारी पोट्टी, अशी ओरडली की खालच्या शेतातले कापूस वेचणारे वर पाहायले लागले.

'ताई, त्यांले बाजूचं दिसत नाही! तुम्हाले माहीत नाही का?'

'काय दिसत नाही?'

'करिष्मा, चूप,' अमीना म्हणे. तिच्या कोपरातून रक्त येत होतं. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती, पण मी थोडी सरकली तर तिची मान मले शोधायले लागली. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं.

मनगट सुजलं. हाड नाही मोडलं. दवाखान्यात करिष्मा तिच्या बाजूले बसली. मी दारात उभी होती.

सोमवार, १८ नोव्हेंबर

अमीनाकडे गेली. फिजानं दार उघडलं आणि वळून आत गेली. पोरीले सगळं माहीत होतं, मलेच नव्हतं.

अमीना पलंगावर. पट्टी. मी माफी मागायले तोंड उघडलं तर म्हणे, 'ते राहू दे. बस. आता सांगतेच.'

दीड वर्षापासून आहे. समोरचं स्वच्छ दिसते, बाजूचं गेलं. नळीतून पाहिल्यासारखं. अंधारात तर काहीच नाही, म्हणून सहाले येत नव्हती. संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं, नळी हळूहळू बारीक होत जाईन. औषध नाही.

मी रडली. खरंच रडली. आणि रडता रडता तोंडातून काय निघालं — 'मग तिले काऊन सांगितलं? मले काऊन नाही?'

लाज वाटते, पण हेच निघालं.

'तिले सांगितलं नाही मी. तिनं पकडलं. शाळेच्या जिन्यात मी एका पोरीले धडकली, तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर माह्या कानाजवळ बोटं हलवून पाहिली.'

मी चार वर्षं तिच्या मागे चालवली. मले नाही कळलं.

'आणि तुले सांगितलं असतं तर? तू सायकल कुलुपात ठेवली असती. शुगर काठावर होती तर तू माह्या घरात येऊन साखरेचा डबा उचलून नेला होता, मयुरी! दोन वर्षं मी शाळेत लपून चहा पिली.'

मी म्हटलं, मी तसं केलं नसतं.

'केलं असतं,' ती म्हणे. प्रेमानं म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान केलं. येताना अमीनाच्या दारापुढे करिष्माची सायकल. आत गेली नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

विचार करून पाहिला. अमीनाची दृष्टी जाऊन राह्यली, आणि माझ्या मनात काय? की तिनं बोटं हलवून पाहिली आणि मी नाही. माणूस इतका हलका असू शकते का? असू शकते. मी आहे.

रविवार, १ डिसेंबर

अमीनाचं मनगट बरं झालं. मी म्हटलं, आज पुढे मी. करिष्मानं अमीनाकडे पाहिलं, अमीना म्हणे, 'होऊ दे.'

काही जमलं नाही. मी प्रत्येक गोटा सांगत होती. 'डावीकडे गोटा, उजवीकडे पण, पुढे काटा आहे, थांब, ब्रेक लाव, थांब, उतरून घे!' अर्ध्या वाटेत अमीना थांबली. घामाघूम. 'तू मले भीती घालून राह्यली,' म्हणे.

करिष्मा मागून आली. 'ताई, सगळे गोटे नका सांगू. जो लागणार आहे, तेवढाच सांगा.' बरोबर होतं तिचं. म्हणून तर अजून राग आला. खालचा अर्धा तिनं नेला. सरसर गेल्या दोघी. मी मागे. पिवळा टीशर्ट काऊन घालते ते पण कळलं — तो समोर धरून अमीना चालवते. मी करड्या रंगाचा घालून गेली होती!

मंगळवार, ३ डिसेंबर

बाजारातून नारंगी टीशर्ट आणला. पिवळ्यापेक्षा भडक. प्रसेनजित म्हणे, 'रस्ता बांधायच्या कामावर लागली का?'

रविवार, ८ डिसेंबर

आज जमलं! कमी बोलली. 'गोटा.' 'वळण.' 'मोकळं.' एवढंच. मागून टायरचा आवाज येत राह्यला, थांबला नाही. अंजनापर्यंत मी, तिथून खाली करिष्मा. खाली पोचल्यावर अमीनानं माझ्या पाठीवर थाप मारली. मग करिष्माच्या पण मारली. तिच्या दोन मारल्या.

मी मोजल्या हे कोणाले सांगू नये.

रविवार, १५ डिसेंबर

खालचा अर्धा मजेचा आहे. नदी दिसायले लागते, उतार लांब आहे, तिथं अमीना ओरडते आनंदानं. ते नेहमी करिष्माच्या वाट्याले. वरचा अर्धा नुसता गोट्यांचा, तो माझ्या. आज म्हटलं, अदलाबदल करू. करिष्मा म्हणे, 'ताई, खालच्या भागात वेग असते. तुम्ही ब्रेक मारता एकदम, त्या तुमच्यावर येतील.'

'चार वर्षं उतरून राह्यली मी इथून.'

'मागून,' ती म्हणे.

पोट्टीले जीभ आहे! पण तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ दाबलेले, हँडल गच्च धरलेलं. ही पण जळते माझ्यावर! हिले पण वाटते, अमीना हिची एकटीची असावी. तिचं तोंड पाहून मले आरशात पाहिल्यासारखं झालं. बरं वाटलं, खोटं काऊन बोलू.

रविवार, २२ डिसेंबर

खालचा अर्धा कोणी न्यायचा यावरून आज भांडलो. उघड भांडलो, वाटेच्या मधोमध. ती म्हणे, तुम्ही त्यांले पाडलं होतं. मी म्हटलं, तू येण्याआधी ती कोणाच्या आधारावर नव्हती. ती म्हणे, तेव्हा पण दिसत नव्हतंच, तुम्ही पाहिलं नाही एवढंच. मी म्हटलं, तुह्या व्हिडिओत कोणीतरी पाहिजे म्हणूनच आली ना तू? तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी थांबली नाही.

अमीना सायकल धरून उभी होती. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूले होतो, म्हणजे तिले दोघींपैकी कोणीच दिसत नव्हतं. समोर पाहत होती, दरीकडे.

'मी गाठोडं आहे का?' म्हणे. 'एकीनं उचलायचं, का दुसरीनं?'

सायकल वळवली आणि हातात धरून वर चालायले लागली. आम्ही मागे जायले लागलो तर म्हणे, 'दोघी पण नका येऊ.'

मंगळवार, २४ डिसेंबर

फोन उचलत नाही. करिष्माचा उचलत असंल.

शुक्रवार, २७ डिसेंबर

फिजाले विचारलं. करिष्माचा पण उचलत नाही. आधी बरं वाटलं. मग नाही वाटलं.

रविवार, २९ डिसेंबर

सकाळी करिष्माचा फोन. 'ताई, अमीनाताई तुमच्यासोबत आहेत ना? फिजा म्हणते सायकल घेऊन गेल्या.' माझ्यासोबत नव्हती. मी म्हटलं, मले वाटलं तुह्यासोबत असंल.

दोघी निघालो. पुढे कोण होतं, आठवत नाही. अंजनाच्या पुढे एक झुडूप मोडलेलं. करिष्मा हाका मारत रडत होती.

नदीवर होती. पाय पाण्यात, गुडघा फुटलेला, तोंडभर हसू.

'एकटीनं उतरली. दोनदा पडली,' म्हणे. 'एकदा मले कोणी न सांगता उतरायचं होतं. झालं. आता नाही चालवणार. डॉक्टरनं पण हेच सांगितलं होतं, मीच ऐकत नव्हती.'

करिष्मा अजून डोळे पुसत होती, मी तिचा हात धरला. तिनं सोडवला नाही.

अमीना काठीनं वाट चाचपत हळूहळू चढली. तिची सायकल आम्ही दोघींनी ढकलत वर आणली. डांबरीवर आल्यावर मी करिष्माले विचारलं, पुढच्या रविवारी येशील का?

'कोणासोबत, ताई?'

'माह्यासोबत.'